माझं आजारपण मी तिच्या नावावर केलं

आधी मूर्खपणा सांगून मोकळी होते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच साध्वी समजणार नाही. आजारी मी पडले होते. सेवा माझ्या शेजारणीनं केली होती. आणि मी आमच्या महिला मंडळाला फोनवर सांगितलं, की आजारी ती पडली होती आणि सेवा मी केली. एक वाक्य सोडलं तर बाकी हकिकत अक्षर न् अक्षर खरी. फक्त दोघींच्या जागा तेवढ्या बदलल्या.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे नुकतीच साठी उलटली होती. आता सत्तरीच्या उंबरठ्यावरून मागं पाहिलं की ती साठीची पोरगी मला दिसते आणि तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

नगरकडच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून मी निवृत्त झाले होते. नवरा प्रभूकडे गेलेला, मुलं आपापल्या संसारात. २०१४ साली मिशनकडून विचारणा झाली, की डहाणू-तळासरीकडे पाड्यावरच्या मुलींसाठी शिवणवर्ग चालवायचा आहे, जोडीला रविवारची प्रार्थना, जाल का? मी इतक्या पटकन हो म्हटलं की विचारणाऱ्यालाच संशय आला असावा. आमच्या देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, निरोपाची सभा झाली. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी उत्तरादाखल बोलताना डोळे पुसत म्हणाले, "परक्या देशात सेवेला निघाले आहे." परका देश म्हणजे डहाणू तालुका. पहाटेची एसटी पकडली तर दिवस मावळेपर्यंत पोचता येणारा परदेश. पण धाकट्या नातीला तो शब्द असा काही आवडला की ती अजून मैत्रिणींना सांगते, "आमची आजी फॉरेनला होती."

थोडी होतेच म्हणा. पहिले काही महिने तळासरीत काढले आणि मग मला सायवनच्या आतल्या एका पाड्यावर धाडलं. तिथं मराठी मी बोलायचे आणि लोक माझ्याकडं बघून हसायचे. मराठी ते बोलायचे आणि मी नुसती मान हलवायचे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं माझं पोट तिथल्या भाताला आणि नाचणीला रुसलं होतं. कासाच्या बाजाराला जायचं तर जीप भरेपर्यंत बसून राहायचं, आणि जीप भरली असं मला वाटायचं त्यानंतर तिच्यात आणखी अर्धा पाडा मावायचा.

शेजारीण माझ्याच वयाची. नवरा नव्हता, मुलगा वापीकडं कामाला, घरात ती आणि सून, आणि बकऱ्या. माझ्या आणि तिच्या घरामध्ये कुडाचं एक कुंपण होतं, त्यावर तिनं दुधीचा वेल चढवलेला. मला ती "बाय" म्हणायची. रविवारच्या प्रार्थनेला येऊन मागं बसायची. मी ते मंडळाला कळवलं, "एक भगिनी वचनाकडे ओढली जात आहे." पुढं कळलं, माझ्या ओट्यावर वारा चांगला यायचा. तिचे देव तिच्याजवळ होते आणि ती त्यांच्यापाशी सुखी होती.

आता मंडळाचं सांगते. आमच्या महिला मंडळाची सभा गुरुवारी दुपारी भरायची. सभेत मला फोन लावायचा, स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवायचा आणि अध्यक्षीणबाईंनी विचारायचं, "बोला बाई, या वेळी काय आशीर्वाद?" अध्यक्षीणबाई म्हणजे माझ्या जुन्या शाळेतल्या सहकारी, आवाज असा की स्पीकरची गरज नाही.

फोनला रेंज फक्त टेकाडावरच्या जांभळीखाली यायची. मी वर चढून जायचे, एक बोट कानात घालायचे आणि ओरडून बोलायचे. पण सांगणार काय? माझ्याकडं होतं काय? कुंपणावरून कुणीतरी माझ्या खिडकीत कोवळा दुधी ठेवून गेलेलं असायचं. जीपवाला पुढची जागा धरून ठेवायचा आणि उशीर झाला की सगळ्यांदेखत मला बोलायचा, "आजी, जीप तुमची सासुरवाडी नाय, वेळेवर यायचं." शिवणवर्गातल्या एका मुलीनं पहिल्यांदा सरळ टीप मारली आणि तो फडक्याचा तुकडा माझ्या दाराला तोरणासारखा अडकवून गेली. ह्या असल्या गोष्टी. फोनवर सांगायला मला लाज वाटायची. मंडळाची आणखी एक भगिनी ओडिशात सेवेला होती. तिच्याकडं दर महिन्याला कुणी चालायला लागायचं, कुणाची दारू सुटायची. तिच्यानंतर माझी पाळी. त्यावर मी काय सांगू, दुधी मिळाला?

म्हणून मी मोठ्या आशीर्वादासाठी उपास धरला. वैशाखात. पाणीही नाही, असा कडक. देवानं मला अक्कल देताना हात आखडता घेतला होता हे त्यालाही त्या दिवशी नव्यानं कळलं असेल. कासाला शिवणाचा दोरा आणायला गेले, उन्हात परतले, वाटेत हायवेच्या नाक्यावर ताडगोळे विकायला बसलेली बाई दिसली. उपास सुटायला अजून संध्याकाळ व्हायची होती. मी आजूबाजूला पाहिलं, ओळखीचं कुणी नव्हतं. (वर कुणीतरी होतं, पण त्याच्याकडं मी पाहिलं नाही.) रिकाम्या पोटी ते गारेगार ताडगोळे एकामागून एक इतके खाल्ले की ती बाईच म्हणाली, "आजी, पुरे."

घरी पोचेपर्यंत डोकं भणभणत होतं. ओट्यावर बसले आणि तिथंच आडवी झाले. त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. बाकीचं मला पुढं ऐकायला मिळालं, कुठं आणि कसं ते सांगतेच. तापानं मी फणफणले होते. शेजारणीनं मला आत घेतलं. तळपायाला कांदा चोळला, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, तांदळाची पातळ पेज चमच्यानं पाजली. ती मी तिच्याच लुगड्यावर ओकले. दोन दिवस ती माझ्या उशाशी होती. तिनं बकऱ्या चरायला सोडल्या नाहीत, शेतावर गेली नाही.

तिसऱ्या दिवशी मी उठून बसले. आणि त्याच आठवड्यात गुरुवार आला.

जांभळीखाली उभी राहिले तेव्हा खरंच खरं सांगायचं मनात होतं. पण माझ्या आधी ओडिशाचा फोन झाला होता, तिथं आख्खं कुटुंब प्रार्थनेला यायला लागलं होतं. मग अध्यक्षीणबाईंचा आवाज आला, "बोला बाई!" आणि माझ्या तोंडून निघालं, "आमच्या शेजारची बाई मरणाच्या दारात होती…"

एकदा दार उघडल्यावर मी थांबते कुठली? मी उशाशी बसले, मी ओलं फडकं ठेवलं, मी पेज पाजली, मी प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. तिसऱ्या दिवशी! तिकडं बाया "स्तुती असो, स्तुती असो" म्हणू लागल्या. मग गोष्टीला जरा उठाव यावा म्हणून मी आणखी एक वाक्य जोडलं. ते वाक्य आजही आठवलं की जेवताना घास तोंडात फिरतो. मी म्हणाले, "घरातल्या माणसांनी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं हो."

मंडळानं ती साक्ष, आमच्यात अशा हकिकतीला साक्ष म्हणतात, इतकी मनावर घेतली की पुढच्या हिवाळ्यात त्या सगळ्या जणी माझं सेवाक्षेत्र बघायला निघाल्या. मुक्काम तळासरीला, आणि सकाळी दोन जीप करून आमच्या पाड्यावर. मी रात्रभर देवाकडं मागत होते, की एखादी जीप पंक्चर होऊ दे. दोन्ही वेळेवर पोचल्या.

माझ्या ओट्यावर सभा बसली. पाड्यावरचीही बरीच माणसं जमली, शिवणवर्गाच्या मुली होत्या, शेजारीण होती, तिच्या मागं खांबाला टेकून तिची सून उभी होती. एक गाणं झालं, प्रार्थना झाली. मग अध्यक्षीणबाई उठल्या, सोबत आणलेली नवीकोरी सोलापुरी चादर शेजारणीच्या खांद्यावर घातली आणि आपल्या त्या शाळा भरवणाऱ्या आवाजात सगळी हकिकत सांगितली. पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. आणि शेवटी शेजारणीला म्हणाल्या, "बाई, आता तुमच्या तोंडून ऐकू द्या. त्या दिवशी काय काय झालं?"

शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडं.

"झाला तर," ती म्हणाली. "लय आजारी होती मी."

माझा जीव भांड्यात पडला. पण ती थांबली नाही.

"मी भूक धरली व्हती. पन मधीच गपचूप ताडगोळे खाल्ले."

मंडळातल्या दोघी-तिघी हसल्या. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ताडगोळ्यांचं मी तापात बरळले असणार.

"मंग ताप आला. ह्या बायनं मला पेज पाजली, ती मी हिच्याच लुगड्यावर ओकली. एकदा नाय, दोनदा. बारकी पोर वरडती तशी मी आई-आई करून वरडत व्हती. बायचा पदर धरून ठेवला मुठीत. तिला परसाकडं जायाचा तरी सोडला नाय."

"अरेरे," कुणीतरी म्हणालं.

"आनि मंग पाढे म्हनाया लागली."

"पाढे?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"हां. बे एके बे. लय लांबवर गेली. मधी चुकली का पुना पयल्यापासून. आनि वरडली बी, मागच्या बाकावर कोन हसतंय म्हनून."

माझ्या बापा. अक्षरशत्रू बाई तापात पाढे म्हणाली, हा चमत्कार मंडळाला पेज आणि कांद्यापेक्षा किती मोठा वाटला ते काय सांगू! एक जण उभी राहून हात वर करून रडायला लागली. पाठोपाठ दुसरी. अध्यक्षीणबाईंनी शेजारणीचे दोन्ही हात धरून उपकारस्तुती केली. जन्मभर मी पोरांना शिकवलं की समीकरणात पदाची बाजू बदलली तर चिन्ह बदलतं. चिन्ह बदलायला मीच विसरले होते आणि आता ते सगळ्या गावासमोर फळ्यावर लिहिलं जात होतं.

शेजारणीच्या तोंडावरची रेषही हलली नव्हती. पण माझी नजर चुकून तिच्या मागं गेली. सून खांबापाशी उभी नव्हती.

जीप गेल्या. मला वाटलं, आता शेजारीण येईल, मला चार शिव्या घालेल, आम्ही दोघी हसू. ती आली नाही. चादर घडी घालून काखेत मारली आणि कुंपणापलीकडं गेली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. रविवारी माझ्या ओट्यावर वारा नुसताच वाहून गेला. खिडकीत दुधी येईना. वेलावर दुधी धरलेले मला दिसत होते, मोठे होत होते, जून होत होते. तेव्हा कळलं, मंडळाला सांगायला लाजत होते तेवढ्यावरच माझा दिवस उभा होता. त्या पाड्यावर मला अजून वर्षं काढायची होती, आणि ती बोलली नाही तर माझ्याशी खरं बोलणारं तिथं कुणी नव्हतं.

शेवटी बिस्किटाचा पुडा घेऊन गेले. ती ओटा सारवत होती. तिनं मान वर केली नाही.

"येत नाहीस गं हल्ली?"

"आजारी हाय."

"काय होतंय?"

"मला काय म्हाईत? मला काय व्हतं ते तूच सांगतंस ना समद्यांना."

पुडा हातातच राहिला. मी म्हणाले, "चुकलं माझं."

"मला कशाला सांगतंस? कोन ओकला ते मला म्हाईत हाय."

"तुला कधी कळलं, मी तसं सांगितलं ते?"

"तवाच." तिनं शेणाचा हात बादलीत बुडवला. "तू जांभळीखाली उभी राहून वरडतंस. खाली माझ्या बकऱ्या चरत्यात. त्यांना बी म्हाईत हाय."

म्हणजे ती सगळं ऐकून होती, त्या गुरुवारपासून. आणि त्यानंतरही दुधी ठेवत होती. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटला, एकली बाय हाय. तिकडं तिला कोन चांगली म्हनत असंल माझ्या तापानं, तं म्हनू दे. माझं काय जातंय? तुझं ओकनं मी घेतलं असतं माझ्यावर. घेतलंच की परवा. पन माझ्या सुनंनं मला पानी नाय दिला?"

आता तिनं माझ्याकडं पाहिलं.

"त्या दिशी विहिरीवरना पानी कोनी आनला तुझ्यासाठी? भर उन्हात? तुझी ओकारी कोनी धुतली? मी तुझ्या उशाशी, तुझा हात सुटं ना. मंग धुतली कोनी? बकऱ्यांनी ऐकला ते मी सोडला. आनि आता तुझ्या बाया येऊन सगळ्या पाड्यासमोर सांगत्यात, घरच्यांनी पानी नाय दिला. पोरगी तवापासना विहिरीवर जात नाय दुसऱ्या बायांच्या टायमाला. उशिरानं जाती, एकटी."

मला खाली बसावंसं वाटलं, पण ओटा ओला होता. मी म्हटलं, "मी तिची माफी मागते."

"माफी तिला नको. तू वर चढून वरडलीस. तसाच वर चढून वरड."

बोलायला सोपं होतं. एक गुरुवार मी डोकं दुखतंय म्हणून फोनच घेतला नाही. पुढच्या गुरुवारी चढले, हवापाण्याचं बोलून खाली आले. विहीर माझ्या मागच्या दारातून दिसायची. बाया येऊन, भरून, हसून-खिदळून गेल्या, की मग थोड्या वेळानं सून यायची. हंडा भरायची आणि मान खाली घालून जायची. ते मी रोज बघायचे आणि तरी पंधरवडा गेला. साठीच्या पोरीची प्रतिष्ठा, दुसरं काय!

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी दुपारीच शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "चला, दोघी चला." शेजारीण बकऱ्या घेऊन निघाली. सून चार पावलं मागं. वाटेत विहिरीवर बाया होत्या, त्यांनाही कळलं असावं काहीतरी; हंडे तिथंच ठेवून त्याही चढल्या. जांभळीखाली माझी सभा भरली.

फोन आला. या वेळी माझ्या बाजूचाही स्पीकर मी चालू केला.

"बोला बाई! काय आशीर्वाद?"

मी सांगितलं. उपास, ताडगोळे, ताप. आजारी मी होते. उशाशी ती होती. आणि पाणी आणलं, घाण धुतली ती तिच्या सुनेनं. घरच्यांनी पाणी दिलं नाही हे मी माझ्या पदरचं घातलं. ओरडून सांगितलं, जसं खोटं ओरडले होते तसंच. घसा बसला.

मला वाटलं रेंज गेली. मग अध्यक्षीणबाई हळू आवाजात बोलल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं.

"म्हणजे ते पाढे… तूच म्हणत होतीस होय गं?"

"हो."

"तरीच. मागच्या बाकावर कोण हसतंय म्हटल्यावर मला शंका आलीच होती." मग म्हणाल्या, "अगं पण मग मी इतिवृत्तात आता आशीर्वाद म्हणून काय घालू?"

मी म्हटलं, "मला पाणी मिळालं, असं घाला."

फोन ठेवला तेव्हा विहिरीवरच्या बायांपैकी एक जण खुदकन हसली. "बे एके बे," दुसरी म्हणाली, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या. माझ्यावर. हसू देत. सून हसली नाही. माझ्याशी बोललीही नाही. पदर खोचला आणि त्या बायांबरोबर टेकाड उतरून गेली, त्यांच्या घोळक्यात, मधोमध. मला वरून तेवढंच दिसलं आणि तेवढं पुरे होतं. खरं सांगायचं तर माझ्या लायकीपेक्षा जास्त होतं.

मी २०१९ पर्यंत तिथं होते. त्यानंतरच्या साक्षींत दुधी सांगितला, जीपवाल्याची बोलणी सांगितली, फडक्याचं तोरण सांगितलं. मंडळाला कंटाळा आला असेल. मला शरम वाटायची ती मात्र गेली नाही, फक्त तिची जागा बदलली. आधी दुधीची वाटायची, आता माझी वाटते.

पण ते पुढचं. त्या गुरुवारी संध्याकाळी मी ओट्यावर घसा शेकत बसले होते, तर शेजारीण कुंपण ओलांडून आली. काखेत ती सोलापुरी चादर, दुकानातली घडीही मोडली नव्हती. ती तिनं माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली,

"ही आजारी बायसाठी आनलेली, म्हंजे तुझी हाय. पन हिच्यावर ओकू नको, मलाच धुवाय लागंल."